पाटकऱ्याची पट्टी

आप्पामामा गेल्याची बातमी मला मिस्ड कॉलने आली. मामेभाऊ प्रकाशने गावाहून दोनदा रिंग देऊन फोन ठेवला, म्हणजे मी उलट करावा. मी तेव्हा नाशिक रोडला बाबांच्या छापखान्यात एका मोर्चाच्या पत्रकाची प्रुफं तपासत होते. प्रकाशचा मिस्ड कॉल म्हणजे कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचा भाव विचारायचा असेल, अशी समजूत करून घेऊन मी तो सोडून दिला. दुपारी आईचा फोन आला. सटाण्याची गाडी धरून, तिथून जीपने उंबरदऱ्याला पोचले तेव्हा सगळं उरकून माणसं नदीवरून परत येत होती. कुणीतरी म्हणालं, "थोडी आधी येतीस तर तोंड दिसलं असतं." तो मिस्ड कॉल मीच सोडून दिला होता, पण हे कुणाला सांगणार... ज्या माणसाने आयुष्यभर मला एकही गोष्ट वेळेवर आणि पूर्ण सांगितली नाही, त्याचं मरणही मला तसंच कळलं. त्याला आता पाच आठवडे झाले. लोक म्हणतात दुःख हळूहळू निवतं. माझं दुःख नाही, माझा राग निवत नाहीये, आणि तो त्याच्यावर किती आणि माझ्यावर किती हे नीट वेगळं करता यावं म्हणून हे लिहिते आहे.

आप्पामामा, म्हणजे माझ्या आईचा थोरला भाऊ, उंबरदऱ्याचा पाटकरी होता. हे काम काय ते कळायला गाव कसं बसलंय ते आधी सांगावं लागेल. पश्चिमेला डोंगर, डोंगरातून उतरणारी लहानशी नदी. गावाच्या वर, नदी वळते तिथे दगडी बंधारा, कुणी बांधला ते गावात कुणालाच माहीत नाही. बंधाऱ्यातून डाव्या अंगाला पाट निघतो, टेकाडाच्या कडेकडेने उतरतो, आणि त्याच्या खाली एकापुढे एक चार मोठी शेतं आहेत. त्यांना फड म्हणतात. पहिला फड बंधाऱ्याजवळ, चौथा पार खाली, जिथून गावातली देवळाच्या कळसाचं टोकही दिसत नाही. नदीच्या पलीकडे नुसता खडकाळ माळ. गंमत अशी की फड कुणा एकाचा नसतो. गावातल्या प्रत्येक घराची चारही फडांत एकेक पट्टी. कुणाची रुंद, कुणाची इतकी अरुंद की बैलजोडी वळवताना शेजाऱ्याच्या पट्टीत पाय पडावा. मध्ये कुंपण नाही. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, यंदा गहू तर पुढल्या साली हरभरा, असं गाव बसून ठरवणार. आणि पाणी कुणी आपल्या हाताने घ्यायचं नाही. ते पाटकरी देणार. त्याच्या खांद्यावर फावडं, तो दार फोडणार, तो दार बांधणार. दार म्हणजे लोखंडी फाटक नव्हे, पाटाच्या काठाला पाडलेलं खिंडार आणि ते बुजवायला चिखल, दगड, फाटकं पोतं. या कामाबद्दल पाटकऱ्याला पगार नाही. पहिल्या फडात एक पट्टी असते, ती कुणाच्या नावावर नाही, जो पाटकरी त्याने ती कसायची.

मी नाशिक रोडची. बाबांचा पायाने चालवायचा छापखाना, त्यात लग्नपत्रिका आणि बिलबुकं पोटासाठी, आणि संपाची, सभेची, निषेधाची पत्रकं तत्त्वासाठी. मुळाक्षरं मी छपाईच्या शिशाच्या खिळ्यांवरून शिकले, उलटी. पाचवी-सहावीत असताना इतर मुली गोष्टींची पुस्तकं वाचायच्या तेव्हा मी 'कामगार बंधू-भगिनींनो' वाचत होते. त्यामुळे मे महिन्याच्या सुट्टीत उंबरदऱ्याला गेले की मला सगळीकडे अन्यायच दिसायचा. माझ्या मोडक्या अहिराणीला गाव हसायचं आणि मी गावाच्या मागासलेपणाला. आप्पामामाच्या मागे पाटावरून हिंडताना मी त्याला प्रश्न विचारून भंडावून सोडायची. शेवटच्या फडाला पाणी आधी का, पहिल्याला का नाही? या पट्टीला इतका वेळ आणि त्या पट्टीला तितकाच का? तो फावड्याने चिखल ओढत म्हणायचा, "आसं शे ते." म्हणजे 'ते असं आहे'. बस्स. पुस्तकाच्या भाषेत याला उत्तर म्हणत नाहीत. मामी मात्र चुलीपुढून ओरडायची, "त्याला काय विचारतेस बाई? लग्नात नाव घ्यायला सांगितलं तर हा माणूस नुसता खोकला होता!"

कॉलेजात गेले आणि माझ्या रागाला आकडे आणि शब्द मिळाले. त्याच सुमाराला गावाचं नशीब फिरायला लागलं होतं. नदीपलीकडच्या ज्या माळावर शेळ्याही मन लावून चरत नसत, तिथे ज्यांच्याकडे जमीन जास्त त्यांनी विहिरी खोदल्या, ठिबकच्या नळ्या अंथरल्या, डाळिंबं लावली. दोन-तीन सालात गावात तीन स्लॅबची घरं उभी राहिली आणि त्यांच्यावर डाळिंबाच्याच आकाराच्या पाण्याच्या टाक्या. मी पाहिलं की हे सगळं ज्यांची जमीन सलग आहे त्यांनाच जमतंय. ज्यांच्या नशिबी चार ठिकाणी चार चिंधोट्या, ते तसेच. तेव्हा मी माझं पहिलं, स्वतःचं पत्रक लिहिलं. 'तुकड्यांतून मुक्ती'. बाबांनी राखीच्या पाकिटांतून उरलेल्या गुलाबी कागदावर छापून दिलं. त्यात मी म्हटलं होतं की या पट्ट्या म्हणजे गरिबाला गरीब ठेवायची जुनी युक्ती आहे; लहान शेतकऱ्यांनी अदलाबदल करून जमीन एका जागी आणावी, विहीर मागावी, ठिबक मागावं. आणि मोठ्यांनाही पहिल्या फडात सलग जमीन हवीच होती. ते चौथ्या फडातलं दुप्पट द्यायला तयार होते. पहिल्या फडातली पट्टी देऊन चौथ्यात दुप्पट घ्यायला सात घरं तयार झाली. त्यांत ताराबाई होती, नवरा गेल्यावर दोन मुलींना घेऊन एकटीने शेती करणारी, गावात सगळ्यांत मोठ्या आवाजाची बाई. तिने माझं पत्रक घरात आरशाजवळ चिकटवलं होतं.

मी ते मामाला वाचून दाखवलं. त्याने दुसऱ्यांदा वाचायला लावलं. मग म्हणाला, "आसं नई करतस."

"का नाही करत?"

"नई करतस, माय."

मी भडकले. हे काय उत्तर झालं? मी त्याला कारण विचारलं, दाखला विचारला, त्याच्या बाजूचं एक वाक्य मागितलं. तो उठला, फावडं घेतलं आणि "चाल" म्हणाला. उन्हाच्या वेळी त्याने मला बंधाऱ्यापासून पाटाच्या काठाने चालवत नेलं. पहिला फड, दुसरा, तिसरा. पाट तेव्हा कोरडा होता, तळाची माती भेगाळलेली. माझ्या चपलेचा अंगठा तुटला, ती हातात घेतली. चौथ्या फडाच्या शेवटी पोचलो तेव्हा माझ्या घशाला कोरड पडली होती. तो थांबला आणि मला विचारलं, "कितलं चाललो?"

"पुष्कळ!" मी म्हटलं.

"मंग?"

"मंग काय?"

त्याने फावडं दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि आम्ही परत आलो... हा त्याचा युक्तिवाद होता! संपूर्ण युक्तिवाद! मी तेव्हा समजले की मामा मला शिवाराची शोभा दाखवतो आहे, मला भावनेत गुंतवतो आहे. मी त्याला तसं सुनावलंही. आज मला कळतं की तो मला पाटाची लांबी दाखवत होता. कोरड्या सालात पाणी तितकं अंतर चालू शकत नाही, वाटेतली माती ते पिऊन टाकते, म्हणून पाणी कमी पडलं की खालचे तीन फड बंद ठेवायचे आणि एकट्या पहिल्या फडाला पाणी द्यायचं, आणि तिथे प्रत्येक घराची पट्टी असतेच, म्हणून गावात कुणीच पूर्ण उपाशी राहत नाही. एवढं साधं. इयत्ता चौथीच्या मुलाला तीन वाक्यांत सांगता येईल इतकं साधं. पण त्याला वाटलं की पायांना कळलं म्हणजे माणसाला कळलं. गावाच्या बैठकीतही तो गप्पच बसला, कारण पाटकऱ्याने पाण्यावर बोलायचं, कुणाच्या जमिनीवर बोलायचं नाही, ही तिथली रीत. रीत! सात घरं चुकीच्या कागदावर अंगठे उठवत होती आणि हा माणूस रीत सांभाळत होता.

दोन सालं चांगली गेली. चौथ्या फडात सात घरांनी कांदा काढला, देवळ्याच्या बाजारात नेला. ताराबाईने मला पत्र पाठवलं, मुलीकडून लिहवून घेतलेलं, त्यात 'तुमच्या कागदाची कृपा' असं वाक्य होतं. मी ते बाबांना दाखवलं. त्या दिवशी मी इतकी खूश होते की आज आठवलं तरी अंग चोरावंसं वाटतं. मग पाऊस गेला. एक साल अर्धा, पुढचं साल जवळजवळ नाहीच. नदी करंगळीएवढी झाली. आणि मला नाशिकला एवढंच कळलं की आप्पामामाने चौथ्या फडाचं दार बंद केलं, पाणी फक्त पहिल्या फडाला चाललंय, आणि पहिल्या फडातल्या त्या सात घरांच्या पट्ट्यांवर आता मोठ्यांची सलग जमीन आहे.

मी काय केलं असेल ते ज्यांनी माझं लिखाण वाचलंय त्यांना सांगायला नको. मी गावाला गेले नाही, फोन केला नाही, कुणाला एक प्रश्न विचारला नाही. मी लिहिलं. 'पाटकरी कोणाचा?' हे माझं दुसरं पत्रक. भाषा धारदार होती, मला ती तेव्हा फार आवडली होती. सख्ख्या मामाविरुद्ध लिहिण्यात एक उंची आहे असंही वाटलं होतं. सटाण्याच्या बाजाराच्या दिवशी ते मी स्वतः वाटलं. आप्पामामा बाजारात होता. त्याने माझ्या हातातून एक घेतलं, बोट फिरवत फिरवत वाचलं, त्याला वेळ लागायचा. मी तयारीत उभी होते. तो ओरडेल, मारेल, रडेल, काहीतरी करेल. तो म्हणाला, "छपाई चांगली शे. बापले सांग." आणि मिरच्यांचे भाव विचारायला पुढे गेला.

त्यानंतर चार वर्षं मी उंबरदऱ्याला पाय ठेवला नाही. गाव तेवढ्यात आणखी दोनदा बदललं. डाळिंबांवर तेल्या आला, काळे डाग पडून फळं झाडावरच तडकली, माळावरच्या बागा उपटून लोकांनी त्यांची सरपणं केली. स्लॅबच्या घरांचे वरचे मजले विटांवरच थांबले. नदीतली वाळू ट्रॅक्टरनी उचलली गेली, पात्र खाली गेलं आणि बंधाऱ्यात पूर्वीइतकं पाणी उरेना. आता चांगल्या सालातही जेमतेम पहिला फड भिजतो. मामा मधून एकदा छापखान्यात आला होता, आईसाठी हरभऱ्याचं पोतं घेऊन. मी समोर बसले होते. मला काहीतरी म्हणायचं होतं, नेमकं काय ते मलाही माहीत नव्हतं. तो एसटी देवळ्याच्या फाट्यावर किती वेळ थांबली ते सांगत राहिला. मी ऐकत राहिले. आमची ती शेवटची भेट.

दहाव्याला मी पुन्हा गेले. सगळं आटोपल्यावर ताराबाईने मला गाठलं. माझी तिच्याकडे बघायची हिंमत नव्हती. ती माझ्या पत्रकाने बुडाली होती, आणि माझ्या दुसऱ्या पत्रकाप्रमाणे मामाने तिला बुडवलं होतं. ती म्हणाली, "पत्रकवाली, चाल, तुना मामानी पट्टी दखाडस."

पहिल्या फडात, बंधाऱ्यापासून दोन हाकांवर, पाटकऱ्याची पट्टी. हरभरा घाट्यावर आलेला. ताराबाईने मला माझ्यासाठी मराठी मिसळून, पण अजिबात आवाज न उतरवता सांगितलं. त्या कोरड्या सालात सात घरं चिडून मामाच्या दारात गेली, तेव्हा त्याने एक दिवस सगळं पाणी चौथ्या फडाकडे सोडून दाखवलं. दिवसभर सातही घरची माणसं पाटाच्या काठाने पाण्याबरोबर चालत होती. दुसरा फड संपेपर्यंत पाण्याचा नुसता चिखल झाला आणि तिसऱ्याच्या तोंडाशी तोही आटला. दुसऱ्या दिवशी सकाळी मामाने त्यांना या पट्टीवर आणलं आणि म्हणाला, ही तुमची. त्याला कामाबद्दल मिळणारी एकुलती एक गोष्ट त्याने सात घरांना देऊन टाकली. मध्ये बांध घालायचा नाही, सातांनी मिळून पेरायचं, सातांनी मिळून काढायचं. तेव्हापासून ते तसंच चाललंय. मामाच्या घरात त्या पट्टीचा एक दाणा गेला नाही. छापखान्यात आणलेलं हरभऱ्याचं ते पोतं त्याने विकत घेतलं होतं.

"मग मला का नाही सांगितलं कुणी?" मी जवळजवळ किंचाळले.

"तोच म्हने, कोणले सांगानं नई."

"का पण?"

"पोरगीनं नाव खराब व्हई, म्हने."

माझं नाव. माझ्या पत्रकाने सात घरं बुडाली हे गावाबाहेर कळू नये म्हणून तो चार वर्षं बाजारात मोठ्यांचा माणूस ठरून हिंडला. मी त्याच्यावर दुसरं पत्रक काढलं तरीही. आता यावर मी काय म्हणू? लोक याला मोठेपणा म्हणतील. मला नाही म्हणायचं. मला कुणी विचारलं नव्हतं की तुला असं वाचवू का. त्याने मला एका बैठकीत सगळ्यांसमोर खोटं पाडलं असतं तर मी रडले असते, भांडले असते, आणि चार वर्षं आधी शहाणी झाले असते. सात घरांच्या जमिनी कदाचित परतही फिरल्या असत्या. त्याच्या गप्प बसण्याने मी वाचले, आणि मी वाचल्यामुळे कुणाचंच भलं झालं नाही... घरी येऊन मामीला विचारलं, तुला माहीत होतं? ती म्हणाली, "मग! माझ्याच घरातून गेलं ना धान्य." मग तू का नाही बोललीस? "तू कधी विचारलंस?"

म्हणून इथे, पत्रकांची नावं घेऊन सांगते. 'तुकड्यांतून मुक्ती' या पत्रकात मी उंबरदऱ्याच्या फडांविषयी जे लिहिलं ते न समजता लिहिलं होतं. 'पाटकरी कोणाचा?' हे पत्रक खोटं होतं. कुणाकडे ते अजून असेल तर त्यावर हे चिकटवावं. आमच्या छापखान्यात चूक ज्या मापाच्या अक्षरात गेली, दुरुस्ती त्याच मापात द्यायची पद्धत आहे. हे ज्या वर्तमानपत्राच्या पुरवणीत छापून येतंय तिच्या संपादकांना मी तशी विनंती केली होती. जागा नाही म्हणाले.

पण गोष्ट इथे संपत नाही, कारण ती पट्टी अजून संपलेली नाही. पट्टी पाटकऱ्याची, आणि मामा गेल्यावर पाटकरी कुणी उरला नव्हता. दहाव्याच्या आधीपासूनच पारावर कुजबुज सुरू झाली होती की पाणीच किती उरलंय, पाटकरी हवा कशाला, पट्टी गावाकडे घ्या आणि लिलाव करा. घेणारे कोण असतील हे सगळ्यांना ठाऊक होतं. दहाव्याला ते कानावर आलं तशी मी लगेच वही काढली. तिसऱ्या पत्रकाचं पहिलं वाक्य माझ्या डोक्यात तयार होतं. ताराबाईने वही बघितली आणि म्हणाली, "ठेव ते. आम्ही करी ठेयेल शे." त्यांनी करून ठेवलं होतं. सात घरांनी बैठकीत उभं राहून सांगितलं होतं, पाटकरी आम्ही. एकेक आठवडा एकेका घराचा. पट्टी पाटकऱ्याची आहे ना, मग ती सात पाटकऱ्यांची. रीत दाखवणाऱ्यांना त्यांनी रीतच दाखवली, आणि गावाला ती मोडता येईना. पहिला आठवडा ताराबाईचा. उंबरदऱ्याच्या पाटावर बाई पाटकरी याआधी झालेली नाही, यावर पारावर बरंच हसणं चाललं होतं. ताराबाईने त्यांना विचारलं, "हसून झालं व्हई ते सांगा, तुमनं दार फोडानं शे."

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर पाटावर होते. तिला काम येत नव्हतं. दार बांधलं की पाणी बगलेतून फुटायचं, ती पाण्याला शिव्या द्यायची, मला शिव्या द्यायची, मी दगड चुकीचा ठेवायची. एका मोठ्या शेतकऱ्याच्या पट्टीत पाणी ठरल्यापेक्षा जास्त गेलं, दुसऱ्याच्यात कमी, दोघेही बांधावर येऊन तणतणले. आप्पामामाच्या हातून असं कधी झालं नव्हतं. आप्पामामाने कुणाला शिकवलंही नव्हतं. हेही त्याचंच.

उन्हं डोक्यावर आली तेव्हा गावाकडून मामी येताना दिसली. हातात फडक्यात बांधलेली भाकरी. मामाच्या सगळ्या हयातीत ती रोज या वेळेला पाटाच्या मोठ्या दाराशी भाकरी घेऊन आली, आणि तो गेल्यावरही एक दिवस खंड पडला नव्हता असं ताराबाईने मला हळूच सांगितलं. कुणी विचारलं की मामी म्हणायची, पाटकऱ्याची भाकर आहे. त्या आठवड्यात ती ताराबाईने खायची होती. पायाला चिखल, हाताला चिखल, ताराबाईने पाटातच हात खळबळले, फडकं सोडलं, बाजरीची भाकरी मोडली, ठेच्यात बुडवून घास घेतला आणि थांबली.

"खारट शे," ती म्हणाली.

मामी उभीच होती. "खारट? आज?"

"आज नई. रोजच. चार दिवस व्हयनात, मी खाई ऱ्हायनू. मीठ जास्त पडस तुना हातनं."

मामी बांधावर खाली बसली. तिने ताराबाईच्या पुढ्यातला ठेचा बोटावर घेऊन चाखला, परत चाखला, जणू तो पहिल्यांदाच खात होती. घरी ती स्वतः पथ्याचं, अळणी खाते, रक्तदाबामुळे, कित्येक वर्षांपासून.

"इतकी वर्षं खाल्लं त्यानं," ती म्हणाली. "रोज. इथं बसून."

ताराबाईने पाटाचं पाणी ओंजळीने प्यायलं, पुढचा घास मोडला. मामी वर बंधाऱ्याकडे तोंड करून, सगळ्या शिवाराला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ओरडली, "अरे, एकदा तरी सांगायचं होतंस की!"